ऑर्डरींचा हंगाम आणि घरचा सण एकाच वेळी – तुम्ही कसं जमवता?

गाठ_सुटेना
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज शेवटी धागा काढतेय. मी क्रोशाची खेळणी आणि तान्ह्या बाळांच्या टोप्या-मोजे करून विकते. आधी नुसती हौस होती, आता घरातला बऱ्यापैकी खर्च त्यावर चालतो. अडचण अशी की लोक भेटवस्तू घेतात त्या सणाला, म्हणजे माझी वर्षाची निम्म्याहून जास्त विक्री सणाच्या आधीच्या काही आठवड्यांत होते आणि नेमका तोच सण आमच्या घरीही असतो! (कुठला सण ते विचारू नका, तुमच्याकडे जो मोठा असेल तो धरा, गणित सगळीकडे तेच.) साफसफाई, पाहुणे, खरेदी, मुलांना सुट्ट्या आणि त्यात माझी सुई चालू.

आता मूळ प्रश्न. लग्न झाल्यापासून दर सणाला घरातल्या प्रत्येकाला मी स्वतः विणलेलं काहीतरी देते. सासूबाईंना शाल, पुतण्यांना टोप्या, नणंदेला पिशवी असं. ही पद्धत धंद्याच्या आधीची आहे, खरं तर तिच्यातूनच धंदा निघाला. आता घरच्यांचं विणायला घेतलं की ऑर्डर मागे पडते आणि ऑर्डरी घेऊन बसले की घरचं राहतं. गेल्या सणाला पुतणी येऊन विचारते, काकू या वेळी माझं काय? आणि माझ्या हातात दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीचा ससा.

पद्धत बंद करू का? नवरा म्हणतो विकत आणून दे सगळ्यांना. सासूबाई म्हणतात जमेल तसं कर, पण चेहऱ्यावर काही वेगळंच दिसतं (मला तरी). तुम्ही काय करता?

लाकूडतोड्या
पहिला! सविस्तर नंतर लिहितो, हाताला तेल लागलंय.

स्पष्टवक्ता
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. धंदा म्हटला की हंगाम आलाच. फुलवाल्याला, शिंप्याला, बस चालवणाऱ्याला सणाला कुठे सुट्टी असते? ते धागे काढत बसत नाहीत. मी चामड्याची पाकिटं, पट्टे करतो. ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख ठरवायची, ती सगळीकडे ठळक लिहायची, त्यानंतर देव आला तरी नाही म्हणायचं. विषय संपला.

रेझिनराणी
स्पष्टवक्ता, शिंपी शटर ओढून घरी जातो हो. आमचं दुकान जेवायच्या टेबलावर आहे, शटर कुठून ओढू?

माझं तर आणखी वेगळं. रेझिन (साच्यात ओतून कडक होऊ द्यायचं पातळ द्रव, त्याचे मी ट्रे वगैरे करते) एकदा ओतलं की साधारण चोवीस तास त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही, पुरतं कडक व्हायला त्यापुढेही दोन-तीन दिवस जातात आणि तोपर्यंत धूळ म्हणजे दुश्मन. आणि सणाच्या आधी घरात काय चालू असतं? जळमटं काढणं! पंखे पुसणं! गाद्या झटकणं! माझ्या ऑर्डरी आणि आईंची साफसफाई एकाच आठवड्यात, वर "तुझ्या त्या ट्रेवर फडकं टाक की" हा सल्ला. फडक्याचे धागे पडतात हो आई त्यात. गेल्या हंगामात एका ट्रेमध्ये फुलांच्या पाकळ्यांबरोबर जळमटाचा तुकडा कायमचा अमर झाला.

खडूस_काका
तो ट्रे "मर्यादित आवृत्ती" म्हणून विकायचा होता.

रेझिनराणी
काका 😀 तो आमच्याच टीपॉयवर आहे.

भट्टीवाला
स्पष्टवक्ता यांचं शेवटच्या तारखेचं म्हणणं बरोबर आहे पण ती तारीख काढायची कशी यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी मातीची भांडी करतो. आमच्यात तारीख मी ठरवत नाही, माती ठरवते. भांडं चाकावरून उतरलं की सावकाश वाळलं पाहिजे, मोठं भांडं दमट हवेत आठवडा काय दोन आठवडेही खातं. घाई करून ओलसर भांडं भट्टीत ठेवलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं, एकटं फुटत नाही, शेजारच्या चार भांड्यांना घेऊन जातं. मग पहिली भाजणी हजार अंशाच्या आसपास, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावून दुसरी, स्टोनवेअर म्हणजे जास्त आचेवर भाजायची घट्ट भांडी असतील तर बाराशेच्या वर. आणि प्रत्येक भाजणीनंतर भट्टी आपोआप निवायला हवी, गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून झाकण उघडलं की गार हवेने तडे. त्यामुळे सणाच्या तारखेपासून उलटं मोजत येतो, त्यात एक भट्टी वाया जाईल असं धरूनच चालतो, जी तारीख येते ती शेवटची.

गाठताई, तुमची खरी पंचाईत ही आहे की तुमच्याकडे भट्टी नाही. मला "नाही" म्हणायला भट्टी आहे, लोक ऐकतातही. लोकर कधीच नाही म्हणत नाही. "एकच छोटा ससा आहे हो, रात्रीत होईल" हे गिऱ्हाईकही म्हणतं आणि तुम्हीही.

गाठ_सुटेना
@भट्टीवाला बाप रे, हे "रात्रीत होईल" म्हणजे अगदी मीच!!

साबणफेस
भट्टीवाला +१. साबणाचं पण असंच. थंड पद्धतीने केलेला साबण दुसऱ्या दिवशी वडीसारखा कापता येतो खरा, पण चार ते सहा आठवडे मांडणीवर वाळू द्यावा लागतो, पाणी उडून तो कडक होतो आणि अंगाला सौम्य लागतो. म्हणजे सगळ्यांची घाई सुरू होते तोपर्यंत माझं काम उरकलेलं असतं, उरतं फक्त लेबल लावणं, गुंडाळणं, पार्सल. हंगामात मी नवीन साबण ओततच नाही. उशिरा आलेल्यांना आहे त्यातलं घ्या म्हणते.

आणि दुसरं कारण म्हणजे मुलं. शाळेला सुट्टी लागली की घरात कॉस्टिक सोडा बाहेर काढायचा नाही हा माझा नियम, यात तडजोड नाही. तो पाण्यात टाकला की भसकन तापतो (नेहमी सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, नवीन कुणी वाचत असेल तर लक्षात ठेवा), आणि बिनरंगाचं असल्यामुळे भांड्यात साधं पाणी आहे असंच वाटतं. पाहुण्यांची पोरं स्वयंपाकघरात पळत असताना हे करायचं म्हणजे विस्तवाशी खेळ.

कापूसकोंड्याची_गोष्ट
एक शंका, भट्टीवाला तुमच्या घरी सणाचं सगळं कोण बघतं? म्हणजे तुम्ही उलटं मोजत असता तेव्हा पडदे कोण धुतं? सहज विचारतेय हो.

खडूस_काका
*खुर्ची पुढे सरकवून बसतो*

भट्टीवाला
आम्ही दोघं मिळून करतो.

भट्टीवालीण
नमस्कार. मी यांची बायको. इतके दिवस नुसती वाचत होते, आज यांच्या "दोघं मिळून"साठी खास खातं उघडलं. पडदे मी धुते. सणाची यादी मी करते, पाहुण्यांच्या गाद्या मी काढते आणि भट्टी निवायची वाट बघताना हे गॅलरीत बसून भट्टी निवायची वाट बघतात.

तरी न्यायाने सांगायचं तर पॅकिंगला कधी हात लावू देत नाहीत, सगळी भांडी स्वतः गुंडाळतात आणि सण झाला की पुढचे पंधरा दिवस स्वयंपाकघर यांच्याकडे असतं. हा सौदा आमचा भांडून ठरलाय. सणाआधी मी, सणानंतर हे. मला चालतं कारण ठरलेलं आहे. न ठरवता चालू होतं तेव्हा चालत नव्हतं.

भट्टीवाला
वरील प्रतिसादाशी सहमत (माझ्यापुढे पर्याय नाही).

टाकाउलट
काय मस्त धागा झालाय! भट्टीवालीणबाई, असंच लिहित राहा.

मी विणकाम करते, आता ऑर्डरी कमी केल्यात, वय झालं. गाठ_सुटेना, तू नवऱ्याचं, सासूबाईंचं, पुतणीचं लिहिलंस, हातांचं काहीच लिहिलं नाहीस म्हणून विचारते. हंगामात रात्री झोपेतून हाताला मुंग्या येऊन जाग येते का? अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची एक बाजू बधिर आणि करंगळी मात्र ठणठणीत, असं असेल तर मनगटातली नस दाबली जात असते, कार्पल टनेल म्हणतात त्याला. हात झटकला की बरं वाटतं म्हणून आपण सोडून देतो. तसं करू नको. डॉक्टरला दाखव, सुरुवातीला बऱ्याच जणींना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून फरक पडतो, अंगावर काढलं तर अंगठ्याच्या मुळाचा स्नायू बारीक होतो आणि मग सुईच धरवत नाही. माझ्या एका मैत्रिणीचं विणकाम असं सुटलं. सण दर वर्षी येतो ग, मनगटं दोनच.

आता पद्धतीबद्दल. आमच्याकडेही होती. मी सणाची भेट वाढदिवसावर नेली. वर्षभर पसरतं, एका वेळी एकाच माणसाचं मोजमाप डोक्यात असतं, आणि ज्याचं त्याला कळतं की हे फक्त माझ्यासाठी विणलंय. सणाला सगळ्यांना एकदम द्यायचं म्हणजे शेवटी शेवटी मी रांगेने टोप्या पाडत होते.

आकडेमोड
मी स्वतः काही करत नाही, बायको चांदीचे दागिने घडवते, हिशोब माझ्याकडे. तेव्हा हिशोबी माणसाचं मत ऐका.

गाठताई, एक काम करा. घरच्या भेटी ऑर्डरींच्याच वहीत लिहा. नाव, वस्तू, लागणारे तास, द्यायची तारीख. भाव शून्य लिहा पण तास खरे लिहा. शालीला किती तास जातात हे एकदा कागदावर आलं की "जमेल तसं" हा प्रकारच उरत नाही, किती ऑर्डरी घ्यायच्या ते आपोआप ठरतं. हाताने काम करणारे बहुतेक जण फक्त घडवायचे तास मोजतात. फोटो काढणं, निरोपांना उत्तरं देणं ("निळ्यात आहे का?" "थोडा फिका निळा?" "नको मग लालच द्या"), पार्सल बांधणं, पोचवायला जाणं हे मोजतच नाहीत. आमच्याकडे मोजून बघितलं तर हंगामात घडवण्याइतकाच वेळ या बाकीच्यात जातो. भावही तसाच काढायचा, साहित्य अधिक सगळे तास अधिक वरखर्च. हंगामात दमछाक होतेय आणि तरी ऑर्डरी संपत नाहीत म्हणजे बहुतेक वेळा भाव कमी आहे.

कापूसकोंड्याची_गोष्ट
@आकडेमोड पहिला अर्धा भाग अजिबात पटला नाही. सासूबाईंची शाल ऑर्डरच्या वहीत गेली की ती शाल राहते, भेट राहत नाही. घरात निदान एक गोष्ट तरी तारखेशिवाय असू दे की.

आकडेमोड
तारखेशिवाय ठेवली म्हणूनच पुतणीला काही मिळालं नाही ना पण?

कापूसकोंड्याची_गोष्ट
...हं. तरी पटलं नाही 😀

स्पष्टवक्ता
भाव वाढवा हे लाख वेळा मान्य. आणि नातेवाइकांना फुकट देणं आधी बंद करा. सणाची भेट वेगळी, पण "आपल्याच घरचं आहे, माझ्या बॉसच्या बायकोला एक दे की करून" हा प्रकार वेगळा. माझा चुलतभाऊ दर सणाला सहकाऱ्यांसाठी पाकिटं मागायचा, पैसे द्यायचं नावच नाही. एक वर्ष रीतसर बिल पाठवलं. आता मागत नाही. बोलतही नाही पण ते चालतं.

भट्टीवालीण
स्पष्टवक्ता, तुमच्या घरी सणाला कोण कोण येतं मग?

स्पष्टवक्ता
मोजके लोक. निवांत असतं.

चिकटगोंद
विषयांतर करतो. ताई ऑर्डरी झेपत नाहीत तर मदतनीस का घेत नाही? शेजारच्या दोघी-तिघींना शिकवायचं, टोप्या त्या करतील, खेळण्यांचे चेहरे तुम्ही करायचे.

गाठ_सुटेना
@चिकटगोंद विचार केला होता. पण लोक माझ्या हातचं म्हणून घेतात, मग ती फसवणूक नाही का होणार? तसंही अर्ध्या लोकांना वाटतं मशीनवरच केलंय. विणकामाची मशीनं असतात, पण खरा क्रोशा काढणारं मशीन बाजारात नाही हे सांगून सांगून थकले.

लाकूडतोड्या
हात धुऊन आलो.

मदतनिसाचा प्रश्न जुनाच आहे. एट्सी, म्हणजे हस्तकलेच्या वस्तू विकायची वेबसाइट, २००५ साली सुरू झाली तेव्हा तिथे हाताने केलेल्या मालाला मोठा मान होता, २०१३ मध्ये त्यांनी नियम बदलून विक्रेत्यांना मदतनीस ठेवायला आणि परवानगी घेऊन बाहेरून माल बनवून घ्यायलाही मोकळीक दिली. तेव्हा कारागिरांमध्ये केवढी भांडणं झाली! एक गट म्हणे आता कारखानेवाले घुसणार, दुसरा म्हणे आम्ही बारा महिने एकट्याने मरायचं का. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

पण त्याच्या कितीतरी आधीची उदाहरणं आहेत. इंग्लंडमधला नावाजलेला नक्षीकार विल्यम मॉरिस, त्याची मुलगी मे मॉरिस, १८८५ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी बापाच्या कंपनीचा भरतकाम विभाग सांभाळायला लागली. नक्षी तिची, टाके घालायला हाताखाली बायका. ल्यूसी री, नावाजलेली कुंभार, तिने लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर कपड्यांची सिरॅमिकची बटणं करून पोट भरलं आणि हाताखाली माणसं ठेवली. त्यातलाच एक हान्स कोपर, १९४६ मध्ये आला तेव्हा मातीकामातलं काही येत नव्हतं, पुढे स्वतः मोठा झाला. तेव्हा हातचं म्हणजे एकाच माणसाच्या हातचं असा नियम कुणी केलेला नाही. फक्त लपवायचं नाही. "नक्षी आणि चेहरे माझे, टोप्या आमच्या गटाच्या" असं लिहा, झालं.

चिकटगोंद
लाकूडतोड्या तुम्ही हात धुवायला गेलात की ग्रंथालयात?

लाकूडतोड्या
हाहा. हात धुण्यावरून आठवलं, एक सूचना, विषयाला सोडून असली तरी. सणाच्या घाईत जवसाच्या तेलाचं पॉलिश करणाऱ्यांनो, तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, गोळा करून ठेवलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेतं. ऐकीव नाही, खरंच होतं. फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवायची नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची. सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं, कोपऱ्यात डबा, आणि आपण दमून झोपलेले, यापेक्षा वाईट वेळ नाही.

साबणफेस
हे माहीतच नव्हतं!! नवरा तेच तेल वापरतो, आत्ता जाऊन डबा बघते.

कडेकडेने
नेहमी वाचनमात्र असते, या धाग्यावर लिहावंसं वाटलं. माझी आई शिवणकाम-भरतकाम करायची, सणाला तुडुंब काम. सगळे इथे आईच्या बाजूने लिहितायत, मी त्या घरातली मुलगी म्हणून लिहिते.

मला भेट मिळाली नाही याचं कधीच काही वाटलं नाही, खरंच आठवतसुद्धा नाही कुठल्या वर्षी मिळाली आणि कुठल्या नाही. आठवतं ते हे की सणाच्या दिवशी आई झोपलेली असायची. आदल्या रात्री शेवटचं गिऱ्हाईक कपडे घेऊन जायचं तेव्हा मध्यरात्र झालेली असायची, सकाळी ती उठायची, नवीन साडी नेसायची आणि सगळे गप्पा मारत असताना बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. पाहुणे हसायचे. मला तेव्हा त्या गिऱ्हाइकांचा फार राग यायचा, त्यांचे चेहरे मला पाठ होते.

उलट काम चालू असताना मजा यायची. हुक-बटणं लावायचं काम माझ्याकडे, भाऊ दोरे कापायचा, पैसे पण द्यायची आई आम्हाला थोडे. त्यामुळे "मुलांना वेळ देता येत नाही" याचा फार ताण घेऊ नका असं सांगेन, मुलं कामात सामील असली तर तो वेळच असतो. फक्त प्रत्यक्ष सणाच्या दिवशी जाग्या राहा.

रेझिनराणी
@कडेकडेने 🙏 स्क्रीनशॉट काढून घरातल्या ग्रुपवर टाकू का?

कडेकडेने
टाका की.

टाकाउलट
खूप छान लिहिलंस ग. मात्र एक म्हणेन, सगळ्या मुलांना आवडतंच असं नाही. माझ्या मुलाला लोकरीचे गुंडे करायला बसवायचे तर तो अजून त्याबद्दल टोमणे मारतो, आणि आता चाळिशीला आलाय! पैसे द्यायला हवे होते बहुतेक.

स्पष्टवक्ता
कडेकडेने यांचं वाचून माझ्या नियमात एक भर घालतो. शेवटची तारीख दोन ठेवा. एक ऑर्डर घ्यायची, दुसरी माल हातातून सुटायची, आणि ही दुसरी सणाच्या निदान तीन दिवस आधी. "सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन घेऊन जाईन" म्हणणाऱ्याला सांगायचं की तेव्हा आम्ही घरी नसतो. घरीच असलात तरी.

खडूस_काका
स्पष्टवक्ता हळवे झाले, तारीख नोंदवून ठेवा.

स्पष्टवक्ता
काका, तुमचं पाकीट पाठवतोय. बिलासकट.

हळदीकुंकवाची_वाटी
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. मला एक कळत नाही, गाठ_सुटेना तू सगळ्यांना विचारलंस पण सासूबाईंना नीट विचारलंस का? "जमेल तसं कर" म्हणाल्या आणि चेहऱ्यावर वेगळं दिसलं हे तुझं अनुमान आहे. सरळ विचार, तुम्हाला शाल हवी आहे का.

गाठ_सुटेना
आज विचारलं! चहा घेताना. आधी इकडचं तिकडचं बोलले मग म्हटलं, आई, या सणाला मी कुणालाच विणून दिलं नाही तर तुम्हाला वाईट वाटेल का?

तर म्हणाल्या, "अगं माझं कपाट बघ एकदा." कपाट उघडून दाखवलं, मी दिलेल्या सगळ्या शाली घडी घालून, मधे मधे कागद, एकही वापरलेली नाही!! म्हणे तुझ्या हातची म्हणून वापरायचा जीव होत नाही आणि दर वर्षी एकेक वाढते, उन्हं दाखवून दाखवून मी दमते, पण तू रात्र रात्र जागून करतेस तर नको कसं म्हणू. म्हणजे तो चेहरा यासाठी होता. मला हसू का रडू कळेना. नवरा दारात उभा राहून "मी म्हटलं होतं" करत होता, त्याने काहीही म्हटलं नव्हतं.

तर ठरलंय असं: मोठ्यांना सणाला विणून देणं बंद, चौदा वर्षांच्या आतल्यांना चालू. आणि हो आकडेमोड, लहानांचं वहीत लिहिलंय, पहिल्याच पानावर, पुतणीचा हत्ती, तारखेसकट (कापूसकोंड्या रागावू नको). भावही वाढवलेत थोडे, भीतभीतच. मदतनिसाचं अजून ठरत नाहीये. आणि टाकाउलट काकू, मुंग्या येतात. करंगळी सोडून. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जातेय.

कापूसकोंड्याची_गोष्ट
रागावले नाही. हत्तीचा फोटो टाक.

टाकाउलट
पुढच्या आठवड्यात नको, याच आठवड्यात जा.

भट्टीवालीण
सासूबाईंना सांग शाली वापरायला काढा, नाहीतर आमच्याकडे पाठवा.

आकडेमोड
नणंदेची पिशवी? ती मोठ्यांत धरली का? तिला कुणी कळवलं?

गाठ_सुटेना
@आकडेमोड ते काम नवऱ्याला दिलंय. त्याची बहीण आहे.

काकू, एक विचारायचं राहिलं, त्या शालींतल्या दोन खाली ठेवलेल्या होत्या त्यांना बारीक बारीक भोकं पडलीत, कसर लागलीये वाटतं. बाकीच्या कशा वाचवू?

टाकाउलट
आधी बघ लोकर खरी आहे की अॅक्रिलिक. अॅक्रिलिकला सहसा कसर लागत नाही, ती खऱ्या लोकरीवर जगते, म्हणजे त्या दोन खऱ्या असणार. भोकं पाडते ती अळी, पतंग नाही, त्यामुळे पतंग मारून उपयोग नाही. सगळ्या शाली बाहेर काढ, कडक उन्हात झटक, खऱ्या लोकरीच्या असतील त्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धू (घामाच्या, डागाच्या जागा अळीला जास्त आवडतात), पूर्ण वाळल्यावर घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत भर. फ्रीजरमध्ये जागा असेल तर पिशवीसकट थोडे दिवस तिथे ठेवलं तरी अळ्या-अंडी मरतात. कपाटाच्या फटी, कोपरे नीट पुसून घे. डांबराच्या गोळ्या नको टाकू, घरात लहान मुलं आहेत.

रेझिनराणी
फ्रीजरमध्ये शाली?? सणाच्या आठवड्यात फ्रीजरमध्ये जागा कुणाच्या घरी असते काकू?

टाकाउलट
सण झाल्यावर ग.